पणजोबा कुठल्या दप्तरात सापडतात?

२०२३ च्या दिवाळीच्या आसपास महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांत कधी न दिसलेली लगबग सुरू झाली. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले गेले, कसर लागलेली रजिस्टरं टेबलावर आली, मोडी लिपी वाचता येणारी माणसं शोधून आणली गेली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं हे काम होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ही समिती मराठवाड्यासाठी नेमली गेली आणि पुढे तिचं काम राज्यभर पसरलं. जुन्या कागदांत कुणबी अशी नोंद कुठे कुठे आहे, हे तिला पाहायचं होतं. अशा ५० लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. आरक्षणाचा वाद हा या लेखाचा विषय नाही. पण त्या शोधामुळे एक गोष्ट लाखो घरांना पहिल्यांदाच कळली: ज्यांच्या घरी ना सनद, ना तलवार, ना वाडा, अशा साध्या शेतकऱ्याच्या पणजोबांचं नावही सरकारी दप्तरात शाईने लिहिलेलं आहे आणि मागितलं तर ते पाहायला मिळतं.

बदलापुरात ही गोष्ट जास्तच महत्त्वाची आहे. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर शहर किती फुगलं, हे सकाळच्या लोकलला उभं राहणाऱ्याला सांगायला नको. यातली बहुतेक कुटुंबं गेल्या तीस-चाळीस वर्षांत आली. कुणी गिरणगावातली खोली विकून, कुणी डोंबिवलीत भाडं परवडेना म्हणून, कुणी थेट खानदेशातून, साताऱ्यातून किंवा संगमेश्वरातून. पहिल्या पिढीला गाव होतं. दुसऱ्या पिढीला गणपतीची आणि मे महिन्याची सुट्टी होती. तिसऱ्या पिढीला गावाचं नाव आठवतं, पण तालुका विचारला की ती मुलं आईकडे बघतात. मग एखाद्या मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी जात पडताळणीचा अर्ज समोर येतो. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मागितलं जातं आणि घरात शोधाशोध सुरू होते. त्या अर्जामागे तारखा असतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी कुटुंब कुठे राहत होतं, हे दाखवावं लागतं. आजोबांच्या शाळेचा दाखला मग सोन्याहून मोलाचा होतो.

अशी धावपळ फक्त आपल्याच वाट्याला येते असं नाही. १८७६ नंतरच्या चाळीसेक वर्षांत सव्वा कोटीहून जास्त इटालियन माणसं देश सोडून गेली. बहुतेक गरीब शेतकरी होते. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका या देशांत ती स्थिरावली. त्यांची नातवंडं-पतवंडं पणजोबांचा जन्मदाखला शोधत आली, कारण रक्ताच्या नात्याने इटलीचं नागरिकत्व मिळत असे. २०२५ मध्ये इटलीने तो कायदा आवळला. आता सर्वसाधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच नातं चालतं. त्यांचा शोध आपल्यापेक्षा सोपा असतो, त्याला इतिहास आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवायला लावली. पुढे नेपोलियनच्या राजवटीत, दक्षिण इटलीत १८०९ पासून, सरकारी जन्म-मृत्यू-विवाहाची रजिस्टरं सुरू झाली आणि १८६६ मध्ये एकीकरण झालेल्या इटलीभर ती पद्धत लागू झाली. यातली कोट्यवधी पानं आता ‘आन्तेनाती’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तिथल्या बाईचं नाव लग्नानंतरही कागदावर बदलत नाही. त्यामुळे आजीच्या आजीपर्यंत सरळ जाता येतं.

आपल्याकडे माणूस जन्मला म्हणून सरकारने त्याची नोंद फार काळजीने ठेवली, असं झालं नाही. सरकारला शेतसारा हवा होता. म्हणून नोंद झाली ती जमिनीची आणि जमिनीच्या आधाराने माणसाची. हे एकदा लक्षात घेतलं की शोधाची दिशा बदलते. आडनाव घेऊन फिरण्यात अर्थ नाही. एकाच आडनावाची शंभर घरं शंभर गावांत असतात, आणि जुन्या कागदांत तर आडनाव बऱ्याचदा नसतंच. आधी गाव पक्कं करायचं. नुसतं गाव नाही, तर वाडी, तालुका आणि त्या काळचा जिल्हा. इटलीतल्या पणजोबांचा शोध घेणारेही हाच धडा सगळ्यात आधी शिकतात: कुटुंब कुठल्या ‘कोमूने’तलं, म्हणजे कुठल्या गावपालिकेतलं, हे ठरल्याशिवाय एकही पान उघडून उपयोग नाही.

‘त्या काळचा जिल्हा’ यावर मुद्दाम भर देतो, कारण बहुतेकांचा शोध इथेच अडतो. आपल्याच परिसराचं बघा. आज बदलापूर अंबरनाथ तालुक्यात आहे. त्याआधी ते उल्हासनगर तालुक्यात होतं आणि इंग्रजी अमदानीत कल्याण तालुक्यात. त्यामुळे एरंजाड किंवा बेलवलीच्या एखाद्या घराचा जुना कागद अंबरनाथला मिळाला नाही, म्हणजे तो नाहीच असं नसतं. तो कल्याणला असू शकतो, ठाण्याच्या जिल्हा अभिलेख कक्षात असू शकतो. वांगणी ओलांडली की आज रायगड जिल्हा लागतो, पण १८८२ च्या सरकारी गॅझेटिअरमध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातच दिला आहे. नंतर तो कुलाब्यात गेला आणि कुलाब्याचा पुढे रायगड झाला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा निघाला. कागद माणसांसारखे हद्द बदलली की लगेच घर बदलत नाहीत. ते जुन्याच कपाटात राहतात. म्हणून कचेरीत जाण्याआधी आपलं गाव कुठल्या वर्षी कुठल्या तालुक्यात होतं, याची यादी करून ठेवावी.

गाव सापडलं की पहिला कागद म्हणजे आजचा सातबारा. ज्यांची जमीन विकली गेली त्यांनीही घाबरू नये. विकणाऱ्याचं नावही फेरफारात राहतं. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, आणि तिथूनच मागची वाट सुरू होते. प्रत्येक क्रमांक म्हणजे गाव नमुना सहामधली एक नोंद. कोण वारलं, कोण वारस लागलं, कुणी विकलं, कुणी गहाण टाकलं, भाऊ कधी वेगळे झाले. एका फेरफारातून त्याच्या मागचा फेरफार, त्यातून त्याच्याही मागचा, असं जात राहिलं तर साधारण शंभर वर्षांमागे पोचता येतं, कारण मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे. वाटेत एक खड्डा लागतो. बऱ्याच गावांत जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. तिथे तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात ९(३)-९(४) चा उतारा मागायचा. कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला, ते त्यावर कळतं. ठाण्यासह काही जिल्ह्यांचे जुने उतारे स्कॅन होऊन सरकारच्या संकेतस्थळावरही आले आहेत. बाकीच्यांसाठी अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज आहेच.

जुना फेरफार हातात आला की तो वाचायचा कसा, हे थोडं सविस्तर सांगतो. नमुना म्हणून रचलेली एक नोंद घेऊ: ‘खातेदार राघो वलद धोंडू मयत. वारस मुलगा गणू राघो, ए.कु.मॅ. म्हणून नाव दाखल केले.’ वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. काही ठिकाणी त्याच जागी बिन येतो. या एका ओळीत तीन पिढ्या आहेत: धोंडू, राघो आणि गणू. आता ‘ए.कु.मॅ.’ बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, राघोला एकच मुलगा होता. पण मॅनेजर लावला, याचा अर्थच असा की मागे कुटुंब आहे आणि गणूला भाऊ असण्याची दाट शक्यता आहे. त्यांची नावं त्या दिवशी लिहिलीच गेली नाहीत. ते भाऊ पंधरा-वीस वर्षांनी वाटपाच्या फेरफारात एकदम समोर येतात. बदलापुरात किंवा मुंबईत आलेल्या कित्येक घरांचे पणजोबा असे धाकटे भाऊ होते. थोरला गावी शेतीवर राहिला, धाकटा गिरणीत गेला. म्हणून घरात सांगतात ते नाव सातबाऱ्यावर दिसत नाही, आणि लोक ‘आपली नोंदच नाही’ म्हणून परत फिरतात. त्यांनी वाटपाचा फेरफार शोधायला हवा.

आणखी काही खुणा आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान होता आणि आई, काका किंवा मामा त्याच्या वतीने उभा होता, हे त्यावरून कळतं. वडील तरुणपणीच गेले, ही घरात कुणी न सांगितलेली गोष्ट या तीन अक्षरांत असते. बाईच्या नावामागे ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘मर्द’ लिहून नवऱ्याचं नाव येतं. नावांची पुनरावृत्ती ही मोठी अडचण. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे गोविंद महादेव, महादेव गोविंद, पुन्हा गोविंद महादेव अशी माळ लागते आणि कुठला गोविंद ते कळत नाही. दक्षिण इटलीतही थोरल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, तिथले लोकही याच गुंत्यात सापडतात. उपाय एकच. प्रत्येक नावासमोर सर्व्हे नंबर आणि साल लिहीत जायचं. माणसं एका नावाची असतील, जमीन आणि साल मिळून त्यांना वेगळं करतात.

ठाणे जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. इथे कसणारा आणि मालक हे बऱ्याचदा वेगळे होते. जमीन सावकाराची किंवा खोताची आणि राबणारं कुटुंब कुळाचं. त्यामुळे मालकाच्या रकान्यात पणजोबा नसतील तर कुळाच्या रकान्यात, पीकपाहणीत, इतर हक्कात बघायचं. १९४८ च्या कूळ कायद्यानंतर १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याला जमीन विकत घेण्याचा हक्क आला. त्या वेळी कलम ३२ग खाली तहसीलदारासमोर हजारो प्रकरणं चालली. त्या फाइलींत कुळांचे जबाब आहेत. वडिलांपासून कसतो, आजा कसत होता, तो अमक्या साली वारला, अशी माहिती कुळाने स्वतःच्या तोंडाने दिली आणि कारकुनाने ती लिहून घेतली. ज्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्याच्या कुटुंबाचा इतिहास तिथे अंगठ्यासह जपलेला आहे. मला या फाइली सरदार-इनामदारांच्या सनदांपेक्षा मोलाच्या वाटतात.

जमीन सोडली तर दोन कागद महत्त्वाचे. एक, गाव नमुना चौदा, म्हणजेच लोकांच्या भाषेत कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालाच्या वर्दीवरून लिहिलं जाई. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतं, कारण बारसं व्हायचं असे. बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी, एवढंच. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं: ताप, पटकी, देवी, खोकला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या महिन्यांत या वह्यांची पानं भराभर भरलेली दिसतात. आपल्या घरातला एखादा फाटा एकदम का थांबला, याचं उत्तर तिथे मिळतं. दुसरा कागद म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. जिल्हा लोकल बोर्डाच्या जुन्या प्राथमिक शाळा आता जिल्हा परिषदेकडे आहेत आणि त्यांची रजिस्टरं बऱ्याच ठिकाणी शाबूत आहेत. तिथल्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून मास्तरांनी कित्येक मुलांची जन्मतारीख १ जून लावून टाकली. अजूनही महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेली वडीलधारी माणसं घरोघरी भेटतात.

जनगणनेचा उपयोग होईल, असं पुष्कळांना वाटतं. तो होत नाही. आपल्याकडे जनगणनेचे आकडे छापले जातात, घराघरांत भरलेले तक्ते कुणाला पाहायला मिळत नाहीत. अपवाद एकच. १९५१ च्या जनगणनेबरोबर गावोगाव नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर लिहिलं गेलं होतं. ज्या गावात ते टिकलं आहे, तिथे एका घरातली सगळी माणसं, बायका-मुलांसह, एका पानावर मिळतात. शिंदे समितीच्या शोधातही हे रजिस्टर तपासलं गेलं. आपल्या गावाचं उरलं आहे का, हे जरूर विचारावं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आणि त्याआधीच्या बहुतेक नोंदी मोडीत आहेत. मोडीची भीती बाळगू नये. चिकाटी असेल तर काही महिन्यांत नावं, गावं आणि तारखा वाचण्याइतकी मोडी येते, आणि वंशावळीसाठी तेवढी पुरते. तारखा मात्र समजून घ्याव्या लागतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. चैत्राआधीच्या जानेवारी ते मार्च या महिन्यांसाठी ७९. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. पेशवाईतल्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ म्हणजे दोन, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९२. त्यात ५९९ मिळवले की १७९१. एवढं मागे जाण्याची वेळ वतनदार, पाटील, कुलकर्णी, देशमुख अशा घरांवरच येते. त्यांच्यासाठी पुण्याचं पुरालेखागार आहे. तिथल्या पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामदारांकडून लिहून घेतलेल्या कैफियतीही आहेत. हक्क सिद्ध करायचा म्हणून इनामदारांनी स्वतःच पिढ्या मांडून दिल्या होत्या. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं मुख्य पुरालेखागार आहे, ते १८२१ सालचं. पण खरं सांगायचं तर नव्वद टक्के लोकांचं काम या मोठ्या दप्तरांपर्यंत जातच नाही. ते तालुक्याच्या ठिकाणी होतं.

वतन म्हटलं की पाटील-कुलकर्णीच डोळ्यांसमोर येतात. महार वतन आपण विसरतो. १८७४ च्या वतन कायद्याखाली कनिष्ठ वतनांचीही नोंद होती आणि १९५८ च्या कायद्याने ती वतनं रद्द झाली. वतनाच्या जमिनीत कुणाची किती तक्षीम, म्हणजे हिस्सा, हे त्या कागदांत लिहिलेलं असे. ज्या समाजाला गावाने शिवेबाहेर ठेवलं, त्या समाजातल्या कुटुंबांच्या पिढ्या या वतन रजिस्टरांमुळे कागदावर टिकल्या. हे ज्यांना माहीत नसतं ती मुलं ‘आमची जमीन नव्हती, आमचं काही सापडणार नाही’ असं धरून चालतात. त्यांनी एकदा तालुक्याला जाऊन वतनाची रजिस्टरं मागावीत.

ज्यांचं खरोखर काहीच लिहिलं गेलं नाही, असेही आहेत. बदलापूरच्या डोंगरउतारांवरच्या ठाकूर आणि कातकरी पाड्यांवर फिरलं की हे कळतं. जंगल सरकारचं, जमीन मालकाची, काम वीटभट्टीचं. रजिस्टरात नाव यायला जागाच नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. दाव्याच्या पुराव्यांत त्यांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब मान्य केला, वंशावळ मान्य केली आणि विहिरी, दफनभूमी, देवस्थानं यांसारख्या जुन्या खुणाही मान्य केल्या. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण हाही दस्तऐवज ठरू शकतो. जात पडताळणीच्या खिडकीवर ही समज क्वचितच दिसते. ती तिथेही यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

बायकांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. आपली बहुतेक वंशावळ म्हणजे पुरुषांची उतरंड. बाप, आजा, पणजा. पणजी कुठून आली, तिचं माहेरचं नाव काय, हे बहुधा कुठेच नाही, कारण लग्नात आडनावाबरोबर नावही बदललं जाई. जुन्या वारस नोंदीत विधवा दिसते, मुलगी दिसत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारस केलं आणि त्यानंतरच्या फेरफारांत मुली एकदम दिसू लागतात, सासरच्या नावागावासह. पाठोपाठ दुसरा एक कागद येतो: हक्कसोडपत्र. भावासाठी बहिणींनी सही केलेली किंवा अंगठा उठवलेला. वंशावळ शोधणाऱ्याला तो कागद फार उपयोगी पडतो, कारण सगळ्या आत्या, त्यांचे नवरे, त्यांची गावं एका जागी मिळतात. पण कित्येक आत्यांचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं ते हक्क सोडण्यासाठी, हे वाचताना मन खिन्न होतं. घरात श्राद्धाला आई, आजी, पणजी यांचीही नावं घेतात, आईच्या वडिलांचीही घेतात. ती नावं भटजींच्या तोंडी हवेत जातात. ती लिहून ठेवायला काही खर्च येत नाही.

धरणं आणि प्रकल्प यांनीही माणसांच्या नोंदी केल्या. १९७२ साली एमआयडीसीने बांधलेलं बारवी धरण आपल्या जवळचं. त्याची उंची पुढे वाढली आणि तोंडली, काचकोली अशी गावं बुडिताखाली आली. भूसंपादनाच्या निवाड्यात मोबदला कुणाला द्यायचा हे ठरवायला खातेदारांची आणि वारसांची नावं लागतात, आणि बाधितांच्या वारसांना नोकऱ्या द्यायच्या ठरल्या तेव्हा पुन्हा वंशावळी तपासल्या गेल्या. गाव पाण्याखाली गेलं तरी त्या गावातली घरं निवाड्यात सापडतात. अंबरनाथच्या कारखान्यांत किंवा मुंबईच्या गिरण्यांत ज्यांचे आजोबा होते, त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाचे आणि नॉमिनेशनचे जुने कागद बघावेत. मूळ गाव, पोस्ट आणि तालुका बहुधा तिथेच लिहिलेले असतात.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी आहे. युद्धकाळातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. या कुटुंबांना मागे जायला तलाठी नाही, शाळा नाही, गाव तर सीमेपलीकडे राहिलं. त्यांना आधार होता तो निर्वासितांनी सिंधमधल्या मालमत्तेसाठी भरलेल्या दाव्यांच्या कागदांचा आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचा. अस्थी घेऊन गेलेल्या प्रत्येक पिढीने तिथे आपली नावं लिहून ठेवली आहेत. आपल्याकडे हेच काम नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय करत आले. गाव आणि आडनाव सांगितलं की त्या घराण्याची वही निघते, आणि तिच्यात पणजोबांची स्वतःच्या हातची सही असू शकते. नाशिकला अस्थी घेऊन गेल्यावर दुःखात आणि घाईत आपण ती वही उघडायला लावत नाही. पुढच्या वेळी लावावी. सांगली-कोल्हापूर आणि सीमाभागातल्यांनी हेळव्यांना विचारावं. घरोघर फिरून पिढ्या वाचून दाखवणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय.

इटालियन पद्धतीच्या सगळ्यात जवळ आपल्याकडची ख्रिस्ती कुटुंबं आहेत. वसईत आणि गोव्यात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या त्याच ट्रेंटच्या नियमाने आल्या. गोव्याचं पुराभिलेखागार तर १५९५ सालचं आहे. तिथे तर वंशावळीला आज रोकडी किंमत आली आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, म्हणून आजोबांचा जन्मदाखला काढायला तरुण गोवेकर खेटे घालतात. उलट दिशेचा शोध मॉरिशसमध्ये चालतो. एकोणिसाव्या शतकात करारावर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची रजिस्टरं आहेत: क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळात फोटोही. रत्नागिरीकडच्या एखाद्या खेड्याचं नाव इंग्रज कारकुनाने कसंबसं ऐकून लिहिलेलं असतं, आणि ते खेडं नेमकं कुठलं, हे ओळखायला मराठी माणसाचीच मदत लागते.

आपल्या भागातला एक जुना लेख म्हणजे अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. त्यात शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. ते देऊळ ज्यांनी दगड वाहून उभं केलं, त्यांची नावं नाहीत. हजार वर्षांनी परिस्थिती तेवढी वाईट उरलेली नाही. आपल्या पणजोबांचं नाव आहे. पण ते ज्या कागदावर आहे तो कागद फार दिवस टिकेल याची खात्री नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात घरोघर शिरलं, तेव्हा खाटेखालच्या ट्रंकांतले दाखले, लग्नपत्रिका, फोटो सगळ्यांचा लगदा झाला. त्यानंतरही पूर आलेच. कचेऱ्यांतही वाळवी आणि ओल आहेच.

म्हणून ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी सरकारी अर्जाची वाट बघू नये. पुढच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. मूळ गाव, वाडी, कुलदैवत, आजोबांचे भाऊ किती, आत्या कुठे दिल्या, आजीचं माहेर कुठलं, हे त्यांच्याच शब्दांत फोनवर रेकॉर्ड करा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहा. हातात आलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो निदान दोन नातेवाइकांना पाठवा. मग गावी जा, तलाठ्याला भेटा, आजचा सातबारा घ्या आणि त्यावरच्या सगळ्यात जुन्या फेरफाराची नक्कल मागा.